नाताळचे ताट

कार्तिक द्वादशीस तुळशीचे लग्न लागले, की गोव्यातील हिंदू घरांत सणांची धावपळ ओसरू लागते. चवथीपासून कंबर कसलेली गृहिणी जरा टेकते. नेमक्या त्याच सुमारास बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी या तालुक्यांत कुंपणापलीकडच्या घरी लगबग सुरू झालेली असते. भिंतींना चुना लागतो, माळ्यावरची तांब्याची मोठी भांडी खाली उतरतात, नारळ पाडणाऱ्या पाडेल्यास निरोप जातो. नाताळ अजून महिनाभर दूर असतो. परंतु नाताळचे खरे काम याच महिन्यात होते. देवळातली मिस्सा आणि नव्या कपड्यांतली मुले आपल्या दृष्टीस पडतात ती या कामाची अखेर होय.

या पानावर आम्ही नाताळच्या धर्मविधींचे वर्णन करणार नाही. त्याचे अधिकारी वेगळे. आम्हास सांगावयाचे आहे ते घराच्या आतले : काय कधी आणावयाचे, काय आधी करावयाचे आणि काय मागाहून, हे ख्रिस्ती गृहिणी कसे ठरविते ते. या तयारीतले एक ताट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या उंबरठ्याशी येते. ते ज्या हिशेबाने भरलेले असते तो हिशेब ज्या घरी ते येते त्या घरास ठाऊक असावा, एवढाच आमचा हेतू.

या ताटास गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणतात. शब्द पोर्तुगिजांचा. पोर्तुगालात ‘कोन्सोआदा’ म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून करावयाचे जेवण. तो शब्द समुद्र ओलांडून गोव्यात आला आणि येथे त्याचा अर्थ पालटला. घरातल्यांनी घरात बसून जेवावयाचे, या अर्थी जो शब्द होता, तो घरातले गोडधोड घराबाहेर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवावयाचे, या अर्थी रूढ झाला. मंगळूरकडील ख्रिस्ती समाजात याच फराळास ‘कुस्वार’ म्हणतात. परका शब्द घेऊन त्यात आपली रीत ओतण्याचा हा प्रकार आम्हास फार बोलका वाटतो. फराळाचे ताट झाकून शेजारी धाडण्याची चाल या मातीत कोणा पोर्तुगिजाने आणलेली नाही.

येथे एक शंका निरसून टाकणे इष्ट होईल. काही सोवळ्या घरांत असे विचारतात, की हे ताट म्हणजे त्यांच्या देवाचा प्रसाद तर नव्हे? तर नव्हे. नैवेद्य दाखवून मग वाटावा, असा विधी या पदार्थांच्या मागे नाही. ते वेदीपुढे ठेवले जात नाहीत आणि त्यांच्यावर मंत्र म्हटला जात नाही. सण घरी आला, त्याचा वाटा शेजारी पोहोचावा, इतकाच त्याचा अर्थ. ज्यास खाण्यापिण्याचे नियम आहेत त्याने ते अवश्य पाळावेत. परंतु नियमांचा प्रश्न पदार्थात काय घातले आहे याचा असतो, कोणी धाडले याचा नसावा. तो प्रश्न ख्रिस्ती शेजारणींनी आपल्यापेक्षा आधी ओळखलेला आहे, हे पुढे येईलच.

आता तयारीकडे वळू. नाताळच्या पदार्थांची यादी ऐकून नवख्यास गोंधळल्यासारखे होते : दोदोल, बेबिंका, दोस, पेराद, बातक, पिनाग, कुलकुले, नेवऱ्या. परंतु या यादीस एक साधा क्रम आहे आणि तो आपल्या गृहिणींस सांगावयाची गरज नाही, कारण दिवाळीस त्याही तोच पाळतात. जे जास्त टिकते ते आधी, जे लवकर विटते ते शेवटी. चिवडा-शंकरपाळे आठ दिवस अगोदर आणि ओल्या नारळाच्या करंज्या आदल्या दिवशी, हाच तो न्याय.

त्या न्यायाने पहिला मान पेरूचा. पावसाळा सरून पेरू बाजारात भरास आले, की पेराद करून ठेवतात. पेरूचा गर बिया काढून साखरेत आटवावयाचा, तो भांड्याची कड सोडू लागला की थाळीत थापून वड्या पाडावयाच्या. नीट आटलेली पेराद महिनोन् महिने राहते. म्हणून ती नोव्हेंबरातच उरकली तरी बिघडत नाही. मागोमाग हरभऱ्याच्या डाळीचा दोस. डाळ, खोबरे आणि साखर यांची ती वडीच. आपल्याकडील कोणीही आजी तो चाखून त्याचे जिन्नस बिनचूक सांगेल.

काही खरेदी मात्र याहूनही फार आधी झालेली असते. गोव्यात पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, वर्षाची बेगमी करण्याची जुनी चाल आहे. तिला ‘पुरुमेंत’ म्हणतात आणि त्या दिवसांत भरणाऱ्या फेस्तांस पुरुमेंताची फेस्ते म्हणण्याचा प्रघात आहे. सुकी मासळी, मिरच्या, कोकम, कांदे यांबरोबर जाणती गृहिणी तेव्हाच काजूगरांचा एक डबा नाताळसाठी बाजूस काढते. काजूचा हंगाम मार्च ते मे. मे महिन्यातला काजू डिसेंबरात त्याच भावाने मिळत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. केक करणाऱ्या घरांत मनुका, बेदाणे आणि इतर सुकी फळे कित्येक आठवडे आधी मद्यात भिजत घालतात. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत. तिचे कारण पुढे दिसेल.

परंतु सर्व बेत अखेर नारळावर येऊन ठेपतो. नाताळचा बहुतेक प्रत्येक पदार्थ नारळाचे दूध किंवा खोबरे मागतो. ज्यांचे स्वतःचे माड आहेत ते पाडेल्यास अशा बेताने बोलावतात, की डिसेंबरच्या आरंभी एक पाडा हाती यावा. पाडेली आता पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत. एकेका वाड्यास एकच माणूस, आणि त्याच्या मागे दहा घरे. ज्यांचे माड नाहीत त्यांना बाजारच गाठावा लागतो आणि गेल्या काही वर्षांत नारळाच्या भावाने हिंदू-ख्रिस्ती असा भेद न करता सर्वांच्याच तोंडचे पाणी पळविले आहे. अर्धा किलो तांदळाच्या दोदोलास चार-पाच नारळ सहज लागतात. शेजारीपाजारी आणि नातलग मिळून पंधरावीस ताटे धाडावयाची असतील, तर एकंदर नारळांची संख्या कोठे जाते ते वाचकांनीच मोजावे.

दुसरी अडचण गुळाची. दोदोलास उसाचा गूळ चालत नाही. त्यास माडाचा काळा गूळ हवा. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर तो सूर आटवून हा गूळ करतात. काळाभोर, किंचित खारट छटेचा, जळक्या गोडीचा हा गूळ दोदोलास त्याचा रंग देतो आणि वासही. रेंदेराचा धंदा कष्टाचा आणि जोखमीचा. त्यांच्या पुढच्या पिढीने तो बहुतांशी सोडला. त्यामुळे खात्रीचा गूळ मिळविणे हे आता ओळखीचे काम झाले आहे. अनुभवी गृहिणी नोव्हेंबरातच आपल्या रेंदेराकडे सांगून ठेवते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गूळ शोधावयास निघालेल्या बाईला काय मिळेल याचा भरवसा नाही.

उरलेली खरेदी फेस्तांत होते. संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त ३ डिसेंबरला जुने गोवे येथे भरते. त्यापूर्वी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते. नवरात्राशी परिचित असलेल्यांस या नऊ दिवसांचे नवल वाटू नये. पाठोपाठ ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त. या फेस्तांबरोबर जी ‘फेरी’, म्हणजे जत्रेची दुकाने, भरते तिच्यात भांडीकुंडी, कपडे, खुर्च्या-टेबले, मुलांची खेळणी असे सारे असते. कितीएक कुटुंबांचा नाताळचा बाजार देवदर्शनाच्या याच फेरीत होऊन जातो. त्यात बेसनाच्या कांड्या गुळात घोळून केलेले, सुंठीच्या झणक्याचे खाजे घेतल्यावाचून कोणी परतत नाही. आणि ते खाजे करणारे बहुधा आपलेच हिंदू खाजेकार असतात. आपल्या जत्रेत देवीच्या देवळापुढे जे बसतात तेच फेस्तात चर्चपुढे बसतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगावचे नवे मार्केट यांतही वाणी, कापडवाला, कासार पुष्कळ ठिकाणी हिंदूच. ख्रिस्ती घराचा नाताळ जितका गोड होतो, तितकाच त्यात हिंदू दुकानदाराचा डिसेंबर बरा जातो, ही गोष्ट आपण सहसा मोजीत नाही.

कपडे शिवावयास टाकण्याचे काम मात्र फेस्ताची वाट पाहत नाही. शिंप्याचे दिलेले वायदे पाळले न जाणे ही सार्वत्रिक वस्तुस्थिती आहे. म्हणून कापड नोव्हेंबरात जाते.

सणापूर्वीच्या चार रविवारांस ख्रिस्ती पंचांगात आगमनकाळ म्हणतात. त्याचा आरंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी होतो. या काळात चर्चमध्ये धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. हा रंग संयमाचा. म्हणजे ज्या दिवसांत घरी मिठाया तयार होतात ते दिवस धर्माच्या दृष्टीने मन आवरावयाचे आहेत. जुन्या वळणाची माणसे पदार्थ करतात, डब्यात भरतात आणि २४ तारखेपर्यंत झाकण उघडू देत नाहीत. मुलांची काय अवस्था होत असेल ती चवथीला नैवेद्य होईपर्यंत मोदकांकडे पाहत बसलेल्या आपल्या मुलांस विचारावी!

डिसेंबरच्या मध्यास दोदोलाचा दिवस येतो. हे एकट्याचे काम नव्हे. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ एकत्र करून मोठ्या भांड्यात चुलीवर चढविले, की ते मिश्रण घट्ट होऊन त्यास तेल सुटेपर्यंत ढवळणे थांबविता येत नाही. हात थांबला की तळ लागला. तासामागून तास जातात, दोदोल जसजसा आटतो तसतसा जड होत जातो आणि शेवटी तो ढवळावयास पुरुषांचे हात लागतात. म्हणून दोदोलाचा दिवस घरातील माणसे पाहून ठरवितात. पूर्वी शेजारची हिंदू बाईही पदर खोचून तासभर हात देऊन जाई. आणि चवथीच्या आदल्या दिवशी नारळ खवणायला ख्रिस्ती शेजारीण आपल्या ओट्यावर येऊन बसे. १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन. १९६१ साली याच दिवशी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. ही सुटी नाताळच्या आधी नेमकी सहा दिवस येते, हा कामकरी कुटुंबांना लाभलेला एक सुयोगच म्हणावयाचा.

बेबिंका हा या ताटाचा मानकरी. २०२३ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. अंड्यांचे पिवळे बलक, दाट नारळाचे दूध, साखर, थोडा मैदा, जायफळ आणि तूप हे त्याचे जिन्नस. कृती जिन्नसांपेक्षा कठीण आहे. पातळ मिश्रणाचा एक थर भांड्यात ओतावयाचा, वरून निखारे ठेवून तो खरपूस भाजावयाचा, त्यावर तूप सोडून दुसरा थर ओतावयाचा. निखारे खाली नव्हे, वर ठेवावयाचे, यातच सारी खुबी आहे. असे सात थर तरी हवेत. हौशी घरांत ही संख्या दुप्पटही होते. एक थर भाजून होण्यापूर्वी दुसरा ओतला तर बेबिंका बिघडला, म्हणून तो करणारी बाई दुसरे कोणतेही काम हाती घेत नाही. बलक संपले की पांढरे उरते. ते फेकून न देता साखरेबरोबर फेसून त्याची ‘सुस्पिर’ नावाची कुरकुरीत मिठाई होते. काटकसर कोणत्याही धर्माच्या गृहिणीस शिकवावी लागत नाही!

कुलकुल्यांस अख्खे घर बसते. मैद्याच्या गोळीस काट्याच्या किंवा फणीच्या दातांवर दाबून वळवावयाचे, की शंखासारखे वळण पडते. मग तळून साखरेच्या पाकात घोळावयाचे. लहान मुले, आजोबा, नुकतीच परदेशाहून आलेली सून, सर्वांच्या हातास काम मिळते. कोणाचा कुलकुला कसा झाला यावरून जी थट्टा चालते ती शंकरपाळे कातताना आपल्याकडे चालते तशीच.

शेवटी नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजी. चवथीला गणपतीपुढे जी ठेवतो, तीच. ओल्या नारळाचे सारण असेल तर दोन-तीन दिवसांपलीकडे तिचा भरवसा नाही, म्हणून ती २२-२३ तारखेपूर्वी होत नाही. या पदार्थाजवळ आम्हास थोडे थांबावेसे वाटते.

गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायपीठ १५६० साली आले. मध्यंतरीची काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत ते राहिले. त्याने येथील लोकांचा काय छळ केला ते अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार मांडले आहे. आमच्या कित्येक वाचकांच्या कुळांनी त्या काळात देव पाठीशी बांधून नदीपार आश्रय घेतला. अंत्रुज महालातील मंदिरे त्याची साक्ष देतात. जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांच्या स्वयंपाकघरावरही या पीठाची नजर होती. १७३६ च्या जाहीरनाम्याने तुळस लावण्यास, धोतर-चोळी नेसण्यास, इतकेच नव्हे तर मीठ न घालता हिंदूंप्रमाणे भात शिजविण्यासही ख्रिस्त्यांना मनाई केली. भातातल्या मिठावर पाळत ठेवणारी ती सत्ता गेली. नेवरी मात्र राहिली. ती कोणी कशी सांभाळली याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. परंतु नाताळच्या ताटात ती दरवर्षी दिसते. ज्या बायांनी बाप्तिस्म्यानंतरही आपल्या आईच्या हातची करंजी सोडली नाही, त्यांच्या नातसुनांच्या नातसुना ती आपणांस झाकून धाडीत असतात. आमच्या मते त्या ताटाकडे पाहावयाचे ते हे जाणून.

याच भूमीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूच्या जन्माची कथा मराठी ओव्यांत सांगितली. नवख्रिस्त्यांना त्यांच्या जुन्या पुराणांची ओढ लागली होती, म्हणून त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीस शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून हिंदू भाविक तिच्या फेस्तास तेल वाहतात, आणि कुंकळ्ळीच्या शांतादुर्गेच्या छत्रोत्सवात ख्रिस्ती गावकऱ्यांच्या घराण्यांचाही मान असतो. तुटलेले धागे या भूमीने असे कोठेकोठे पुन्हा गाठून घेतले आहेत. ताट हा त्यांतला सर्वांत साधा धागा.

आता तो खाण्यापिण्याच्या नियमांचा प्रश्न. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष असतो. पुष्कळ घरांत गुरुवारची व्रते चालू असतात. ख्रिस्ती शेजारीण हे जाणते. त्यामुळे विचारी घरांत हिंदू शेजाऱ्याचे ताट निराळे भरण्याची रीत आहे. बेबिंका आणि केक त्यात ठेवीत नाहीत. एकात अंडी, दुसऱ्यात अंडी आणि बहुधा मद्यात भिजलेली फळे. दोदोल, दोस, पेराद, पिनाग आणि नेवऱ्या यांत अंड्याचा संबंध नसतो. बातक व कुलकुले यांत कोणी अंडे घालते, कोणी घालीत नाही. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी ते विचारून घ्यावे. कोठे कोठे तर नेवऱ्या तळावयास घेण्यापूर्वी कढई घासून, तेल बदलून शेजारच्या घरचा घाणा पहिल्यांदा काढतात. (मांसाहारी पदार्थांचा विषय आम्ही येथे काढीत नाही. ते या ताटात कधीच नसतात.)

आमची विनंती एवढीच, की संकोच न बाळगता नोव्हेंबरातच बोलावे. “आंटी, आमच्याकडे सासूबाई अंडे घेत नाहीत हं,” एवढे कुंपणावरून सांगितले तर कोणासही राग येत नाही. उलट तिचा बेत सोपा होतो. न बोलता ताट स्वीकारून मागील दाराने कोणास देऊन टाकणे हे आम्हास सर्वथा अनुचित वाटते. ज्या पदार्थामागे रेंदेराची मनधरणी, पाडेल्याची वाट आणि चार तासांचे ढवळणे आहे, त्याची अशी गती होऊ नये. आणि ती होते हे शेजारणीस कळल्यावाचून राहत नाही. गाव लहान असतो.

ताट परत करताना ते रिकामे देऊ नये, हे आपणांस लहानपणीच शिकविलेले आहे. निदान मूठभर साखर किंवा परसातली चार फळे ठेवावीत. खरी परतफेड अर्थात आधीच झालेली असते, किंवा पुढे व्हावयाची असते : चवथीच्या नेवऱ्या, दिवाळीचे पोहे आणि फराळ. दिवाळीच्या दिवशी नाना परींचे पोहे खावयास ख्रिस्ती शेजाऱ्यास बोलावणे ही गोव्यातील हिंदू घरांची जुनी रीत. ज्या घरांत ती चालू आहे त्या घरांत नाताळचे ताटही चुकत नाही. एक बाजू थकली की दुसरीही थकते, असे आमचे निरीक्षण आहे.

कारण हे ताट आता बारीक होत चालले आहे. मुले आखातात, जहाजांवर, पोर्तुगालात आणि इंग्लंडात. मोठ्या घरात दोन वृद्ध माणसे उरलेली. दोदोल ढवळावयास हात कोठून आणावयाचे? पुष्कळ कुटुंबे आता पदार्थ विकत घेतात. घरगुती मिठाया करून विकणाऱ्या गावातल्या बाया नोव्हेंबरपासून मागणी नोंदवून घेतात आणि त्यांचा माल उत्तम असतो. त्यावर कित्येकींचे घर चालते, तेव्हा यात वाईट काही नाही. परंतु विकत घेताना किलोचा भाव समोर येतो आणि मग पंधरा ताटांची दहा, दहांची पाच होतात. यादीतून प्रथम नातलग गळत नाहीत, शेजारी गळतो. म्हणून ज्यांच्या शेजारी अशी वृद्ध माणसे आहेत त्यांनी या वर्षी जरा आधीच चौकशी करावी. बाजाराला जाताना नारळ आणून देणे, पाडेल्यास गाठून देणे, नेवऱ्यांचे सारण करावयास आपल्या सुनेस तासभर पाठविणे, यांतले काहीही अवघड नाही. नेवरी तिलाही येते.

ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे कढई चढत नाही. आपल्याकडेही वर्षाच्या आत सण नसतो आणि फराळ आप्तेष्टांकडून येतो. तीच रीत तेथे आहे. अशा घरी हिंदू शेजाऱ्याने काही गोड नेऊन द्यावे. तेथे त्याचे मोल वेगळे असते.

स्वयंपाकघर सांगता सांगता अंगण राहिले. दिवाळीचा आकाशदिवा उतरला, की बांबूच्या त्याच कामट्या आणि तोच रंगीत कागद घेऊन मुले नाताळचा तारा, ‘नखेत्र’, बांधतात. गोठ्याचा देखावा बहुतेक घरी असतो. संत फ्रान्सिस असिसी यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी येशूजन्माचा देखावा उभारला, तेथपासून ही प्रथा पसरली असे मानतात. गोव्यातील गोठ्याचे वैशिष्ट्य असे, की त्यातले हिरवे गवत विकतचे नसते. आठदहा दिवस आधी मातीवर नाचणी पेरतात, रोज पाणी शिंपडतात आणि नाताळपर्यंत कोवळे हिरवे अंकुर वर येतात. घटस्थापनेला आपण जे धान्य रुजत घालतो त्याची आठवण येथे कोणास होणार नाही? पेरणीचा दिवस मागेपुढे झाला तर गवत एक तर खुरटे राहते, नाही तर पिवळे पडते. सबब तीही तारीख गृहिणीच्या वहीत दोदोलाच्या शेजारी लिहिलेली असते. गोठ्यात गाय, मेंढपाळ, मरिया, जोसेफ सारे आधीपासून बसविलेले असतात. बाळाची जागा मात्र मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची रीत आहे.

२४ डिसेंबरच्या दुपारपासून ताटे निघू लागतात. वर विणलेला रुमाल, खाली पितळी किंवा काचेची थाळी, घेऊन जाणारी बहुधा घरातली मुलगी. संध्याकाळपर्यंत ती सारी पोहोचली पाहिजेत, कारण त्यानंतर घर मिस्सेच्या तयारीस लागते. मध्यरात्रीच्या या मिस्सेस जुनी माणसे ‘मिस द गाल’, म्हणजे कोंबड्याची मिस्सा, म्हणतात. ज्या हिंदू घरी ताट येते तेथे त्या वेळी दिवेलागण झालेली असते. देव्हाऱ्यापुढे ते ठेवावे की ओट्यावर, याचा ज्याने त्याने आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे निर्णय करावा.

६ जानेवारीस तीन राजांचे फेस्त होते. रेईश मागूश, कासांवली आणि चांदोर येथे त्याचा मोठा थाट असतो. त्यानंतर तारे उतरतात, गोठा आवरला जातो, नाचणीची वाळलेली रोपे माडाच्या मुळाशी पडतात. परत गेलेली थाळी फार दिवस रिकामी राहत नाही. आठवडाभरात संक्रांत येते, आणि तिळगुळाची वाटी घेऊन कुंपण ओलांडावयाची पाळी आपली असते.